सोमवारपर्यंत पाठवणे आणि सोमवारपर्यंत थांबणे : मधल्या पायरीवर अडकलेल्या इंग्रजीविषयी

प्रश्न विचारणारे गृहस्थ कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतील एका फौंड्रीच्या निर्यात विभागात काम करतात. मराठी माध्यमातून दहावी, मग मेकॅनिकलचा डिप्लोमा आणि आता नऊ वर्षांची नोकरी. इंग्रजी मेल वाचून कळते, ड्रॉइंगवरच्या सूचना कळतात, पण परदेशी ग्राहकाचा फोन आला की तीच ती पाच-सहा वाक्ये तोंडात येतात आणि फोन ठेवल्यावर ‘हे असे म्हणायला हवे होते’ असे सुचते. व्याकरणाचे पुस्तक त्यांनी दोनदा संपवले आहे, वाक्प्रचारांच्या याद्या पाठ केल्या आहेत. आता व्याकरण, शब्दसंग्रह आणि रोजच्या बोलण्यातले प्रयोग यांपैकी कशावर भर द्यावा आणि ‘अपर इंटरमिजिएट’ पातळी गाठायला किती काळ लागेल, असे त्यांनी विचारले आहे. राजारामपुरीत गेली चोवीस वर्षे मी नोकरदार प्रौढांना इंग्रजी शिकवतो आणि हा प्रश्न घेऊन येणारी माणसे माझ्याकडे सर्वांत जास्त असतात, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आधी या पातळीचा अर्थ पाहू. कौन्सिल ऑफ युरोप या संस्थेने २००१ साली भाषाज्ञानाच्या ए१ ते सी२ अशा सहा पायऱ्यांचा आराखडा प्रसिद्ध केला. अपर इंटरमिजिएट म्हणजे त्यातली चौथी पायरी, बी२. तिच्या वर्णनातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते : समोर इंग्रजी मातृभाषा असलेला माणूस असला तरी दोघांपैकी कोणावरही ताण न येता संवाद चालला पाहिजे. आपण नेहमी स्वतःवर येणाऱ्या ताणाचा विचार करतो. तुमचे वाक्य ऐकून समोरच्याला मनातल्या मनात त्याची दुरुस्ती करावी लागत असेल, तर तो ताण त्याच्यावर पडतो. तुम्ही आज तिच्या आधीच्या, बी१ या पायरीवर आहात असे मी धरतो. तिथे काम होते, माल जातो, पैसे येतात. काम होते म्हणूनच सुधारणा थांबते, कारण चूक कोणी दाखवत नाही. ग्राहक अर्थ काढून घेतो आणि पुढे जातो.

तुमच्या तीन पर्यायांपैकी एक निवडा, असे मी सांगणार नाही. या पायरीवर नवा नियम किंवा नवा शब्द सुटा शिकून उपयोग होत नाही, तो त्याच्या सोबतीच्या शब्दांसह आणि प्रसंगासह शिकावा लागतो. आणि ती सोबत कुठे चुकते हे शोधण्याचे सर्वांत चांगले साधन म्हणजे आपली मराठी. ‘इंग्रजीतच विचार करा, मराठी विसरा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो मला पटत नाही. मराठी डोक्यातून जात नाही. ती वाक्याच्या खाली राहते आणि तिथून वाक्य वाकवते. त्यापेक्षा ती समोर ठेवून, दोन भाषा कुठे जुळतात आणि कुठे वेगळ्या होतात हे एकदा नीट पाहावे.

तुमच्याच कामातले उदाहरण घेतो. ‘माल सोमवारपर्यंत पाठवतो’ आणि ‘मी सोमवारपर्यंत थांबतो’ या दोन्ही वाक्यांत मराठीला एकच ‘पर्यंत’ पुरतो. इंग्रजी मात्र इथे दोन शब्द वापरते. पहिल्या वाक्यात सोमवार ही मुदत आहे, पाठवण्याची क्रिया त्याआधी कधीही एकदा घडेल, म्हणून ‘बाय मंडे’. दुसऱ्या वाक्यात थांबण्याची क्रिया सोमवार येईतो सलग चालू राहणार आहे, म्हणून ‘टिल मंडे’ किंवा ‘अंटिल मंडे’. माझ्या एका विद्यार्थ्याने ग्राहकाला ‘वी विल सेंड द कास्टिंग्ज टिल मंडे’ असे लिहिले होते. त्याला म्हणायचे होते की सोमवारच्या आत माल निघेल. वाचणाऱ्याला वाटले की सोमवारपर्यंत रोज थोडा थोडा माल निघत राहील आणि सोमवारनंतर बंद होईल. त्यावर तीन मेल झाले. व्याकरणाच्या पुस्तकात ‘बाय’ आणि ‘टिल’ दोन्ही होते, त्याने ते दोनदा वाचलेही होते. पण आपला एक ‘पर्यंत’ तिथे दोन घरांत विभागला जातो, हे त्याला कोणी मराठीत दाखवले नव्हते. ते दाखवल्यावर त्याने ही चूक पुन्हा केल्याचे मला आठवत नाही.

व्याकरणाकडे याच नजरेने पाहा. बी२ पातळीसाठी लागणारे जवळजवळ सगळे काळ तुम्हांला माहीत आहेत, फक्त ते मराठीच्या साच्यात बसवले जातात. ‘मी ते पत्र काल पाठवले आहे’ हे मराठीत अगदी सरळ वाक्य आहे. त्याचे ‘आय हॅव सेंट इट यस्टर्डे’ होते आणि ते चुकते, कारण इंग्रजीतला पूर्ण वर्तमानकाळ संपून गेलेली, नेमकी सांगितलेली वेळ जवळ येऊ देत नाही. ‘काल’ म्हणायचे असेल तर ‘आय सेंट इट यस्टर्डे’. आणि पाठवून झाले आहे, आता ते तुमच्याकडे असायला हवे, एवढेच सांगायचे असेल तर ‘काल’ सोडून ‘आय हॅव सेंट इट’. त्याच काळाची दुसरी बाजू ‘मी इथे नऊ वर्षे काम करतो आहे’ या वाक्यात दिसते. मराठी चालू वर्तमानकाळ वापरते, म्हणून आपण ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स नाइन इअर्स’ म्हणतो, आणि त्यात दोन चुका होतात. मागे सुरू होऊन आजपर्यंत आलेली क्रिया ‘आय हॅव बीन वर्किंग’ अशी सांगायची, आणि वर्षांची लांबी सांगताना ‘फॉर’ व सुरुवातीचा क्षण सांगताना ‘सिन्स’ घ्यायचा.

संकेतार्थाची चूक तर मला फार शिकवून गेली. ‘तुम्ही सांगितले असते तर मी आलो असतो’ हे वाक्य पाहा. दोन्ही भागांत ‘असते’, ‘असतो’ आहे. त्यामुळे चांगले शिकलेले लोकही ‘इफ यू वुड हॅव टोल्ड मी, आय वुड हॅव कम’ असे दोन्हीकडे ‘वुड’ घालतात. इंग्रजीत ‘जर’च्या भागात ‘वुड’ येत नाही : ‘इफ यू हॅड टोल्ड मी, आय वुड हॅव कम.’ मी अनेक वर्षे हा नियम तक्त्यात लिहून देत असे आणि वर्गातला अर्धा भाग पुढच्या आठवड्यात पुन्हा तीच चूक करी. फळ्यावर मराठी वाक्य लिहून दोन ‘असते’ खडूने गोल करायला सुरुवात केली तेव्हापासून फरक पडला, कारण चूक कुठून येते हे डोळ्यांना दिसले.

सांगितलेले बोलणे पुन्हा सांगताना आपण मूळ माणसाचे शब्द जसेच्या तसे ठेवतो. ‘साहेब म्हणाले की मी उद्या येतो’ यात येणारे साहेब आहेत हे मराठी माणसाला लगेच कळते. ‘ही सेड दॅट आय विल कम टुमॉरो’ म्हटले की इंग्रजी ऐकणाऱ्याच्या दृष्टीने येणारे तुम्ही. इथे ‘ही सेड ही वुड कम’ असे म्हटल्याशिवाय गत्यंतर नाही. फोनवर निरोप देताना ही चूक खऱ्या अर्थाने महाग पडते.

दोन ठिकाणी मात्र मराठी तुमच्या बाजूने उभी आहे. ‘लहानपणी आम्ही रंकाळ्यावर फिरायला जायचो’ यातले ‘जायचो’ म्हणजे नेमके ‘यूज्ड टू गो’. पूर्वी होते, आता नाही. ज्यांना हे दिसत नाही ते रोजच्या आजच्या सवयीसाठीही ‘आय यूज्ड टू गेट अप ॲट सिक्स’ म्हणतात, आणि ऐकणाऱ्याला वाटते की आता हे लवकर उठत नाहीत. ‘सवय आहे’ हे वेगळे, ते ‘आय ॲम यूज्ड टू इट’. ‘सवय झाली’ हे आणखी वेगळे, ते ‘आय गॉट यूज्ड टू इट’. दुसरे ठिकाण ‘करून घेणे’. ‘पॅटर्न दुरुस्त करून घेतला’ हे आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो, पण इंग्रजीत ‘वी रिपेअर्ड द पॅटर्न’ म्हणून मोकळे होतो. ‘वी गॉट द पॅटर्न रिपेअर्ड’ ही रचना पुस्तकात अवघड म्हणून शेवटच्या धड्यांत असते. मराठी माणसाला ती अवघड वाटण्याचे कारण नाही. ‘करून घेतले’ मनात आले की ती वापरायची.

‘अ’ आणि ‘द’ या उपपदांवर फार दिवस घालवू नका. मराठीत ती नाहीत, त्यामुळे चुका शेवटपर्यंत थोड्याफार राहतील आणि त्यांनी संवाद क्वचितच अडतो. मेल पाठवण्यापूर्वी प्रत्येक एकवचनी, मोजता येणाऱ्या नामापुढे काहीतरी आहे का, एवढे एकदा पाहिले तरी निम्मे काम होते.

आता जे व्याकरणाच्या पुस्तकात नीट सापडत नाही आणि तुमच्या फोनवरच्या अडचणीच्या मुळाशी आहे, त्याकडे येतो. मराठीत आदर कुठे असतो? ‘तू’ऐवजी ‘तुम्ही’ किंवा ‘आपण’ म्हटले, क्रियापदाला बहुवचन लावले, मध्ये एक ‘जरा’ घातला की वाक्य मऊ होते. ‘जरा ते ड्रॉइंग पाठवता का?’ यात उद्धटपणा कोणालाही दिसणार नाही. इंग्रजीत ‘यू’ एकच आहे, क्रियापदही बदलत नाही. मग आदर जातो कुठे? तो सहायक क्रियापदांत आणि, ऐकायला नवल वाटेल, भूतकाळात जातो. ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड सेंड अस द ड्रॉइंग’ या वाक्यात भूतकाळाचे काहीच घडलेले नाही. ‘वॉज’ आणि ‘कुड’ मागणीला एक पाऊल मागे नेतात, समोरच्याला नाही म्हणायला जागा ठेवतात. आपण ‘प्लीज सेंड द ड्रॉइंग’ लिहितो. आपल्या मनात ‘कृपया’ असते, पण वाचणाऱ्याला तो ‘प्लीज’ लावलेला हुकूम वाटू शकतो. मनात पूर्ण आदर असूनही माणूस रुक्ष ठरतो, ही गोष्ट मला आजही वाईट वाटायला लावते, कारण आपल्या भागातली माणसे मुळात तशी नाहीत.

माल उशिरा निघणार आहे हे सांगण्याचा प्रसंग घ्या. तुमचे नेहमीचे वाक्य बहुधा असे असेल : ‘मटेरियल इज नॉट रेडी. वी विल सेंड नेक्स्ट वीक.’ व्याकरणात फारशी चूक नाही. बी२ पातळीवरचा माणूस म्हणेल : ‘आय ॲम अफ्रेड वी आर रनिंग अ बिट बिहाइंड ऑन द सेकंड बॅच, बट वी शुड बी एबल टू शिप इट बाय मंडे.’ यात एकही शब्द तुम्हांला नवा नाही. ‘आय ॲम अफ्रेड’ इथे भीती दाखवत नाही, ‘सांगायला बरे वाटत नाही, पण’ एवढेच दाखवतो. ‘रनिंग बिहाइंड’ म्हणजे कामाला ठरल्यापेक्षा उशीर होत आहे. ‘अ बिट’ म्हणजे आपला ‘जरा’. ‘शुड बी एबल टू’ म्हणजे आमच्या अंदाजाने जमेल, पण शपथेवर सांगत नाही. ‘विल’ म्हटले असते तर ते वचन झाले असते आणि सोमवार हुकला की तुम्ही शब्द मोडला असता. हे वाक्य तसेच्या तसे पाठ करा, मग त्यातली बॅच, वार आणि कारण बदलून दहा वाक्ये मोठ्याने म्हणा. माझ्या अनुभवात असे एक वाक्य पूर्ण हातात आलेले पन्नास सुट्या शब्दांपेक्षा जास्त काम करते.

शब्दसंग्रहाबद्दल एक आकडा सांगतो, कारण तो धीरही देतो आणि दिशाही. न्यूझीलंडचे भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांनी २००६ साली मांडलेल्या हिशेबाप्रमाणे, कोणाच्याही मदतीशिवाय इंग्रजी मजकूर वाचताना त्यातले ९८ टक्के शब्द ओळखीचे असावेत असे धरले, तर वाचनासाठी आठ ते नऊ हजार आणि ऐकण्यासाठी सहा ते सात हजार शब्दकुटुंबे लागतात. कुटुंब म्हणजे ‘डिसाइड’, ‘डिसिजन’, ‘डिसायसिव्ह’, ‘अनडिसायडेड’ असे एका मुळाचे सगळे शब्द. म्हणून एक शब्द भेटला की त्याच्या घरच्यांची चौकशी करायची. या पायरीवर हा सर्वांत स्वस्तातला फायदा आहे, कारण मूळ शब्द तुमच्याकडे आधीच असतो.

पण ओळख असणे आणि वापरता येणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर सोबतीच्या शब्दांनी भरते. मराठीत आपण परीक्षा ‘देतो’, म्हणून ‘आय गेव्ह द एक्झाम’ म्हणतो. इंग्रजीत परीक्षा देतो तो शिक्षक, विद्यार्थी ‘टेक्स’ किंवा ‘सिट्स’ ॲन एक्झाम. लक्ष आपण ‘देतो’, तिकडे ते ‘पे’ करतात. स्वप्न आपल्याला ‘पडते’, त्यांच्याकडे ते ‘हॅव’ करतात. ‘ठेवणे’ या क्रियापदाने तर आपल्या इंग्रजीचे फार नुकसान केले आहे : फाइल टेबलावर ठेव याचे ‘कीप द फाइल ऑन द टेबल’ होते, ज्याचा अर्थ फाइल कायम तिथेच राहू दे असा निघतो. नुसती ठेवायची असेल तर ‘पुट’. शंका विचारायची असली की आपण ‘आय हॅव अ डाउट’ म्हणतो; भारताबाहेर त्यात समोरच्याच्या बोलण्यावर संशय घेतल्याची छटा येते, म्हणून ‘आय हॅव अ क्वेश्चन’. वहीत शब्द लिहिताना ‘अटेन्शन म्हणजे लक्ष’ असे कधीही लिहू नका, ‘पे अटेन्शन टू’ असे पूर्ण लिहा आणि त्याखाली स्वतःच्या आयुष्यातले एक वाक्य लिहा.

अवघड शब्दांच्या मागे लागण्याची चूक बहुतेक जण करतात. मला वाटते, मधल्या पायरीवरच्या माणसाने वर्षभर ‘गेट’, ‘टेक’, ‘पुट’, ‘मेक’, ‘रन’, ‘टर्न’ या साध्या क्रियापदांची आराधना करावी. ‘गेट’चे वीस अर्थ पाहून घाबरायला होते. पण आपल्या ‘लागणे’कडे पाहा. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, सवय लागते, फोन लागतो, पाऊस लागतो. हे अर्थ आपल्याला कोणी मोजून शिकवले नाहीत, ते सोबतीच्या शब्दासह कानावर पडत आले. आणि योगायोग असा की यातले कितीतरी ‘लागणे’ थेट ‘गेट’मध्ये उतरतात : नोकरी लागली म्हणजे ‘आय गॉट अ जॉब’, मला लागले म्हणजे ‘आय गॉट हर्ट’, सवय लागली म्हणजे ‘आय गॉट यूज्ड टू इट’, फोन लागला म्हणजे ‘आय गॉट थ्रू’. सगळे उतरत नाहीत, पाऊस तर नाहीच; तरीही ‘गेट’ ही आपल्याला अनोळखी असणारी वस्तू नाही, एवढे कळले की भीती जाते.

क्रियापदाला ‘अप’, ‘आउट’, ‘ऑफ’ जोडून होणाऱ्या प्रयोगांचेही असेच आहे. यांच्या याद्या पाहून लोक हात टेकतात, कारण तुकड्यांवरून अर्थ लागत नाही. पण ‘खाऊन टाक’मध्ये टाकण्याचे काय असते? ‘भलतेच बोलून बसला’मध्ये बसण्याचे काय असते? ‘टाकणे’ क्रिया पुरती उरकल्याचे सांगते, ‘बसणे’ ती नको असताना होऊन गेल्याचे सांगते. तसाच ‘अप’ पुष्कळ वेळा पूर्णतेचा रंग देतो : ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाक, ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपव. सगळ्यांचा असा उलगडा होत नाही. ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणे हे तसेच लक्षात ठेवावे लागते. आठवड्याला पाच पुरेत, पण ते पाच त्या आठवड्यात मेलमध्ये किंवा फोनवर खरोखर वापरलेले हवेत. तुमच्या कामात ‘रन आउट ऑफ’, ‘लुक इन्टू’, ‘सॉर्ट आउट’, ‘पुट ऑफ’ आणि ‘फॉलो अप’ यांनी सुरुवात करा.

वाक्प्रचारांच्या याद्या तुम्ही पाठ केल्या आहेत असे लिहिले आहे. त्या आता बाजूला ठेवा. समजा, परगावचा एखादा माणूस कोल्हापुरात येऊन ‘नाद खुळा’ शिकला आणि बँकेच्या काउंटरवर पासबुक भरून मिळाल्यावर तेच म्हणाला. शब्द बरोबर, उच्चार बरोबर, पण ते कोणी, कोणाशी, कोणत्या भरात म्हणतो हे त्याला ठाऊक नाही. मांजरे-कुत्री पडणाऱ्या पावसाच्या इंग्रजी वाक्प्रचाराचे असेच आहे. आपल्याकडची मुले तो शाळेत शिकतात, पण मुसळधार पावसात इंग्रजी बोलणारा माणूस बहुधा ‘इट्स पोअरिंग’ एवढेच म्हणतो. तुम्हांला हवे आहेत ते न चमकणारे, रोज झिजणारे प्रयोग : ‘टू बी ऑनेस्ट’ म्हणजे खरे सांगायचे तर, ‘इट डिपेंड्स’ म्हणजे ते परिस्थितीवर आहे, ‘इट्स अप टू यू’ म्हणजे तुम्ही ठरवा, ‘इट स्लिप्ड माय माइंड’ म्हणजे डोक्यातून निघूनच गेले, ‘दॅट मेक्स सेन्स’ म्हणजे बरोबर आहे, पटले. आणि अडखळल्यावर सावरणारे प्रयोग तर सर्वांत आधी : ‘सॉरी, आय डिडन्ट कॅच दॅट’, ‘व्हॉट आय मीन इज’, ‘लेट मी पुट इट अनदर वे’. फोनवर शब्द सुचत नसताना या तीन वाक्यांनी जो वेळ मिळतो, त्यात पुढचे वाक्य जमते.

निरोप घेण्याची रीत हे याचे अगदी जवळचे उदाहरण आहे. आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो, कारण घरातून निघताना जाण्याचा शब्द नको असतो. माझा एक विद्यार्थी परदेशात प्रशिक्षणाला गेला असताना संध्याकाळी काम संपवून सहकाऱ्याला ‘ओके, आय विल कम’ म्हणून निघाला. तो सहकारी अर्धा तास त्याची वाट पाहत बसून राहिला. अशा वेळी ‘आय शुड गेट गोइंग’ किंवा ‘सी यू टुमॉरो’ म्हणायचे असते.

भारतीय इंग्रजीतल्या शब्दांविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. ‘प्रीपोन’, ‘डू द नीडफुल’, ‘कझिन ब्रदर’ यांना मी चुका म्हणत नाही. या देशात कोट्यवधी लोक ते वापरतात आणि एकमेकांना समजतात. पण तुमचा वाचक परदेशात आहे. तिथे ‘आय पास्ड आउट इन २०१५’ वाचून २०१५ मध्ये तुम्हांला भोवळ आली होती असा अर्थ निघू शकतो. तिथे ‘आय ग्रॅज्युएटेड’ किंवा, डिप्लोमासाठी, ‘आय गॉट माय डिप्लोमा’ म्हणा. ‘प्लीज रिव्हर्ट’ऐवजी ‘प्लीज गेट बॅक टू मी’ लिहा.

कानाची बाजू तुमच्या प्रश्नात नव्हती, पण फोनवरची अर्धी अडचण तिथेच आहे. मराठीत आपण प्रत्येक अक्षराला साधारण सारखा न्याय देतो. इंग्रजीत महत्त्वाचे शब्द ठसठशीत उच्चारतात आणि मधले छोटे शब्द जवळजवळ गिळतात. ‘आय कॅन डू इट’ हे प्रत्यक्षात ‘आय क्न डू इट’ असे ऐकू येते, त्यात जोर ‘डू’वर असतो. आपण ‘कॅन’ स्पष्ट आणि जोर देऊन म्हणतो आणि समोरच्याला ‘कान्ट’ ऐकल्याचा भास होतो, विशेषतः अमेरिकन माणसाला, कारण त्याच्याकडे ‘कान्ट’चा उच्चार ‘कॅन्ट’ असतो आणि शेवटचा ‘ट’ नीट ऐकूही येत नाही. ‘करू शकतो’ आणि ‘करू शकत नाही’ यांत घोटाळा होणे निर्यातीत परवडत नाही. म्हणून होकार देताना ‘कॅन’ दाबून क्रियापदावर जोर द्या आणि नकार देताना पूर्ण ‘कॅनॉट’ म्हणा.

किती काळ लागेल, याचे उत्तर. केंब्रिजच्या परीक्षा विभागाच्या अंदाजानुसार अगदी सुरुवातीपासून बी१पर्यंत यायला साडेतीनशे ते चारशे तासांचे मार्गदर्शित शिक्षण लागते आणि बी२पर्यंत पाचशे ते सहाशे. म्हणजे तुमच्यापुढचे अंतर सुमारे दोनशे तासांचे आहे. रोज खरोखर एक तास दिला तर सात महिने धरा. नोकरी, घर आणि सणवार सांभाळून वर्ष लागले तरी त्यात वाईट काही नाही. त्या तासातला निम्मा वेळ ऐकण्यावाचण्याला द्या, पण एकाच विषयाचे वाचा, म्हणजे तेच शब्द पुन्हा पुन्हा भेटतात. तुमच्यासाठी धातुकाम, मालवाहतूक आणि व्यापाराच्या बातम्या योग्य. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालापासून या गावात उभे आहे. घरी मन लागत नसेल तर अशा वाचनालयात बसण्याची सवय लावून घ्या. उरलेल्या वेळात बोला आणि लिहा. मोबाइलवर दोन मिनिटे कामातला एक प्रसंग इंग्रजीत सांगून रेकॉर्ड करा, ते ऐकून जसेच्या तसे कागदावर उतरवा, लाल पेनाने दुरुस्त करा आणि त्याच प्रसंगावर पुन्हा बोला. दुसरे रेकॉर्डिंग पहिल्यापेक्षा चांगले असतेच. सुरुवातीला स्वतःचा आवाज ऐकणे जड जाते, पण आठवड्याभरात त्याचे काही वाटेनासे होते.

नवे पुस्तक आणण्याआधी या आठवड्यात एवढेच करा. तुम्ही पाठवलेले शेवटचे दहा मेल छापून घ्या. त्यांत ‘टिल’, ‘सिन्स’, ‘कीप’, ‘गिव्ह’ आणि ‘प्लीज’ जिथे जिथे आले असतील तिथे खूण करा, आणि प्रत्येक खुणेपाशी समासात तुमच्या मनातले मूळ मराठी वाक्य लिहा. मग समोरच्याचे जुने मेल काढून त्याने तीच गोष्ट कशी सांगितली आहे ते शोधा आणि त्याचे पूर्ण वाक्य मराठी वाक्याशेजारी उतरवून घ्या. वीस-पंचवीस जोड्या जमतील. पुढच्या महिन्याचा अभ्यास त्या जोड्यांवरच करायचा आहे.